हृदयाच्या कानात सांगणारा वायू

जिमच्या डब्यांवर ‘एनओ बूस्टर’ म्हणून विकला जाणारा नायट्रिक ऑक्साइड आपलं शरीर स्वतःच तयार करतं. हवा तिथे, हवा तेवढा आणि अवघ्या काही सेकंदांपुरता. हे जगाला कसं कळलं आणि आपल्या हृदयाचा त्याच्याशी काय संबंध, त्याची ही गोष्ट.

जिम नव्याने लावलेल्या कुणालाही पहिल्या महिन्यात तीन प्रश्न विचारले जातात. प्रोटीन किती घेतोस? लेग डे का बुडवलास? आणि प्री-वर्कआउट सुरू केलंस का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपली आपण द्यायची असतात. तिसऱ्याचं उत्तर काऊंटरवर मांडून ठेवलेलं असतं. चकचकीत डबा, त्यावर दंडाच्या फुगलेल्या शिरा आणि मोठ्या अक्षरांत ‘एनओ’. एक स्कूप पाण्यात ढवळा, प्या आणि बघा कसा ‘पंप’ येतो!

हे ‘एनओ’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच त्याचा संसार. दाताच्या डॉक्टरांकडे मिळणारा लाफिंग गॅस तो हा नव्हे, तो नायट्रस ऑक्साइड. आपला हा गडी गाड्यांच्या धुरात सापडतो, आकाशात वीज कडाडली की तयार होतो आणि शहराची हवा बिघडवणाऱ्यांच्या यादीतही त्याचं नाव असतं. असा वायू आपल्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयात कामाला असेल, असं पन्नास वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. कारण तोवर शरीरातले निरोपे म्हणजे हार्मोन आणि तसेच इतर मोठमोठे रेणू असंच समजलं जायचं. वायूने निरोप पोचवायचा ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती.

ती डोक्यात यायला जबाबदार असलेल्या माणसांपैकी सगळ्यात महत्त्वाचं नाव म्हणजे रॉबर्ट फर्चगॉट. आणि त्यांना हा धागा सापडला तेव्हा त्यांचं वय होतं जवळजवळ ६२. आपल्याकडे या वयात माणसं निवृत्त होऊन सकाळी बागेत फेऱ्या मारतात.

सशाची महाधमनी आणि २५ वर्षांचं कोडं

फर्चगॉट यांचा जन्म ४ जून १९१६ चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटन गावचा. लहानपणी पक्षी आणि शंखशिंपले बघत हिंडायची आवड. पुढे केमिस्ट्री, मग बायोकेमिस्ट्री. १९४० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पीएच.डी. झाली. काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये काढून १९४९ मध्ये ते सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले आणि तिथे त्यांनी स्नायूंच्या मागे अक्षरशः ठाण मांडलं. हृदयाचा स्नायू जोरात किंवा हळू आकुंचन पावतो तेव्हा त्यातल्या ऊर्जेच्या साठ्याचं काय होतं, यावरही त्यांनी काम केलं. पण त्यांचा हातखंडा होता सशाच्या महाधमनीवर.

पद्धत तशी साधी होती. सशाची महाधमनी घ्यायची, जिना गोल गोल वर जातो तशी तिरकी कापत जायची, की एक लांब पट्टी निघते. ही पट्टी कोमट, क्षारयुक्त पाण्याच्या नळीत लटकवायची. खालचं टोक बांधलेलं, वरचं टोक तरफेला जोडलेलं. आता पाण्यात औषधाचा थेंब टाकायचा. पट्टी आखडली की तरफ एका बाजूला हलते, सैलावली की दुसऱ्या बाजूला, आणि कागदावर रेघ उमटते. बी.फार्म. करणाऱ्या मित्रमैत्रिणींना हे सांगायला नको. ‘ऑर्गन बाथ’ हा त्यांच्या प्रॅक्टिकलमधला जुना सोबती आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालवून दाखवतात, एवढाच फरक.

या पट्ट्यांनी फर्चगॉट यांना बरंच शिकवलं. खिडकीपाशी असलेल्या पट्ट्या उजेड पडला की सैलावतात, हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनी त्याचाही नीट अभ्यास केला. पण एक कोडं काही सुटत नव्हतं.

ॲसिटिलकोलीन हे आपल्या मज्जातंतूंमधून बाहेर पडणारं रसायन. जिवंत प्राण्याला ते टोचलं की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. हे शेकडो वेळा सिद्ध झालेलं होतं. पण फर्चगॉट यांच्या पट्टीवर तेच ॲसिटिलकोलीन टाकलं की पट्टी सैलावण्याऐवजी आखडायची! १९५३ च्या शोधनिबंधात त्यांनी हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं. शरीरात एक आणि काचेच्या नळीत नेमकं उलटं. का? उत्तर नव्हतं. १९५६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या डाउनस्टेट वैद्यकीय केंद्रात औषधशास्त्राचे विभागप्रमुख झाले. कोडंही त्यांच्याबरोबर तिथे गेलं.

मे १९७८: क्रम चुकला आणि पट्टी सैलावली

मे १९७८ मध्ये प्रयोगशाळेत एक वेगळाच प्रयोग चालू होता. त्यात औषधं कुठल्या क्रमाने द्यायची आणि मध्ये पाणी कधी बदलायचं, हे फर्चगॉट यांनी आखून दिलं होतं. त्यांच्या तंत्रज्ञाकडून तो क्रम चुकला. आधीचं औषध धुऊन न काढताच त्याने ॲसिटिलकोलीनचा भाऊ शोभेल असं कार्बाकॉल नळीत टाकलं. आणि रेघ उलटी गेली. धमनी सैलावली!

इथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. ‘प्रयोग फसला, पुन्हा कर’ असं म्हणून कागद फाडून टाकायचा, किंवा थांबायचं आणि विचारायचं, की आज काय वेगळं होतं? फर्चगॉट थांबले.

वेगळं होतं ते असं. या वेळी लांब पट्टीऐवजी धमनीच्या आडव्या कापलेल्या रिंगा, म्हणजे बांगडीसारखे तुकडे वापरले होते. मग पट्टी आणि रिंग यांत फरक काय? तीच धमनी, तोच ससा. बरीच उलटतपासणी केल्यावर उत्तर मिळालं. पट्टी कापताना धमनीची आतली बाजू बोटांना, कशाला तरी घासली जायची. रिंग कापताना ती घासली जात नव्हती.

आणि घासून जात होतं काय? तर धमनीचं आतलं अस्तर. ‘एंडोथेलियम’ असं त्याचं नाव. जाडी फक्त एका पेशीची. रक्त आणि नळी यांच्या मधला गुळगुळीत कागद, यापलीकडे त्या काळी त्याला फारशी किंमत नव्हती. पंचवीस वर्षं फर्चगॉट जे अस्तर नकळत पुसून टाकत होते, तेच ॲसिटिलकोलीनचा निरोप ऐकत होतं. अस्तर जागेवर असेल तर धमनी सैलावते, पुसलं गेलं तर ती आखडते. कोडं सुटलं.

पण आता नवा प्रश्न उभा राहिला. अस्तर ऐकतं, हे ठीक. पण त्याच्या खालच्या स्नायूला ते सांगतं कसं? याचं उत्तर शोधायला फर्चगॉट यांनी जो प्रयोग केला तो कुठल्याही शाळकरी पोराला समजेल इतका सोपा आहे. अस्तर खरवडलेली एक पट्टी घ्यायची. ती एकटी असताना ॲसिटिलकोलीनने सैलावत नाही, हे बघून ठेवायचं. मग अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी तिच्या तोंडाला तोंड लावून बसवायची, थेट सँडविच! आता पुन्हा ॲसिटिलकोलीन टाकायचं. मुकी पट्टी सैलावली. म्हणजे शेजारणीच्या अस्तरातून काहीतरी बाहेर पडत होतं, मधली फट ओलांडत होतं आणि हिच्या स्नायूला ‘सैल हो’ म्हणून सांगत होतं. त्यासाठी शेजारीण अगदी चिकटून असावी लागत होती. कारण ते ‘काहीतरी’ बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच नाहीसं होत होतं.

जॉन झवाडझ्की या सहकाऱ्याबरोबरचा हा शोधनिबंध नोव्हेंबर १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. त्या अनोळखी पदार्थाला पुढे नाव पडलं ईडीआरएफ, म्हणजे ‘एंडोथेलियममधून निघणारा, सैलावणारा घटक’. नाव लांबलचक, पण वस्तू कोणती ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

सुरुंगातलं औषध

तिकडे एक दुसरी गोष्ट कधीपासून चालू होती. १८४७ मध्ये तुरिन शहरात आस्कानियो सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन बनवलं. भयंकर स्फोटक. आल्फ्रेड नोबेलने त्याला वळण लावून डायनामाइट केलं आणि प्रचंड पैसा कमावला. पण हेच नायट्रोग्लिसरीन अगदी किंचित प्रमाणात छातीत दुखणाऱ्या रुग्णाला दिलं तर आराम पडतो, हे विल्यम मरेल या इंग्लिश डॉक्टरने १८७९ मध्ये प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे शेवटच्या दिवसांत खुद्द नोबेलच्या हृदयदुखीवर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. १८९६ मध्ये एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात नोबेलने या दैवाच्या थट्टेचा उल्लेख केला आहे. त्याच वर्षी १० डिसेंबरला तो गेला.

आपल्या घरांतही या औषधाचा एक भाऊबंद असतो. आजोबांच्या शर्टाच्या खिशात, देवघराशेजारच्या डबीत, ‘छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवा’ म्हणून दिलेली सॉर्बिट्रेटची छोटी गोळी. तीही नायट्रेट कुळातलीच. शंभर वर्षं डॉक्टर ही औषधं देत होते, पण ती नेमकी काम कशी करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९७७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात फेरिद मुराद यांनी दाखवलं, की नायट्रोग्लिसरीनसारख्या औषधांमागचा खरा कर्ता नायट्रिक ऑक्साइड असतो. तो स्नायूच्या पेशीतलं एक विकर चालू करतो, त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढतो आणि स्नायू सैल पडतो. दोन्ही गोष्टी समोर होत्या. एकीकडे बाहेरून दिलेला नायट्रिक ऑक्साइड, दुसरीकडे शरीराचा आपला अनोळखी घटक. दोघांचं वागणं सारखंच. पण हे दोघे एकच आहेत, असं म्हणायला १९८६ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर इथल्या परिषदेत फर्चगॉट आणि लुइस इग्नारो या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तेच मांडलं: ईडीआरएफ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या बेकनहॅममधल्या साल्वादोर मोन्काडा यांच्या गटाने रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींतून हा वायू बाहेर पडताना प्रत्यक्ष मोजला. त्यासाठी वापरलेलं तंत्र हवेतलं प्रदूषण मोजायलाही वापरतात. इग्नारो यांच्या गटानेही १९८७ मध्येच आपला पुरावा प्रसिद्ध केला.

१९९२ मध्ये ‘सायन्स’ने नायट्रिक ऑक्साइडला ‘वर्षाचा रेणू’ म्हणून निवडलं. १९९८ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना विभागून मिळालं, तेही डायनामाइटच्या पैशांतून! फर्चगॉट तेव्हा ८२ वर्षांचे होते. एक पारितोषिक जास्तीत जास्त तिघांनाच देता येतं. होंडुरासमध्ये जन्मलेले मोन्काडा त्यात नव्हते आणि त्यावरून तेव्हा बरीच चर्चा झाली. याच वर्षी व्हायग्रा अमेरिकेच्या बाजारात आली. मुळात हृदयदुखीसाठी तपासलं जात असलेलं हे औषध सायक्लिक जीएमपी लवकर मोडू देत नाही, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडचा निरोप ते लांबवतं.

हृदयालाही सैल व्हावं लागतं

इथवर सगळं रक्तवाहिन्यांचं झालं. पण हृदयाचं काय?

हृदय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आवळली जाणारी मूठ येते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर वेळा ही मूठ आवळते. पण प्रत्येक वेळी ती सुटावीही लागते ना? हृदय सैल झाल्याशिवाय त्यात पुढच्या ठोक्याचं रक्त भरणार कसं? शिवाय हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं तेही मुख्यतः तो सैल असतानाच. हे सैल होणं आपोआप होत नाही. त्यालाही ऊर्जा लागते. आकुंचनासाठी पेशीत सोडलेलं कॅल्शियम पुन्हा उचलून कोठारात भरावं लागतं.

हृदयाच्या कप्प्यांनाही आतून तसंच एका पेशीचं अस्तर असतं. १९८८ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या डर्क ब्रुटसार्ट यांच्या गटाने मांजराच्या हृदयातला बारीक स्नायू घेऊन त्यावरचं अस्तर साबणासारख्या द्रावणाने क्षणभरात खराब केलं. आतल्या स्नायूला धक्का लावला नाही. तरीही त्या स्नायूच्या आकुंचनाची लांबी आणि जोर दोन्ही बदलले. फर्चगॉट यांच्या पट्टीचीच ही हृदयातली आवृत्ती म्हणायची. अस्तर इथेही स्नायूशी बोलत होतं.

१९९४ मध्ये बेल्जियमचे वॉल्टर पॉलस आणि तेव्हा वेल्समधल्या कार्डिफमध्ये काम करणारे अजय शहा यांनी माणसांवरच्या अभ्यासात दाखवलं, की हृदयाच्या धमनीत नायट्रिक ऑक्साइड देणारं औषध अगदी थोडं सोडलं तर हृदयाचा डावा कप्पा लवकर सैलावायला लागतो आणि जास्त सहज ताणला जातो. म्हणजे हा वायू नळ्या रुंद करून थांबत नाही, तो हृदयाच्या स्नायूलाही सांगतो: झालं, आता सोड.

एकच वायू, दोन पत्ते

यापुढची गोष्ट तर मला सगळ्यात भारी वाटली. नायट्रिक ऑक्साइड बनवणारी विकरं हृदयाच्या स्नायूपेशीतही असतात आणि एकापेक्षा जास्त प्रकारची असतात. २००२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जोशुआ हेअर यांच्या गटाने उंदरांमधून ही विकरं एकेक करून काढून टाकली आणि बघितलं. एक प्रकार पेशीच्या बाहेरच्या पडद्यातल्या खळग्यांत बसतो. हृदय उत्तेजित झालं की तो त्याला आवर घालतो. दुसरा प्रकार आत, कॅल्शियमच्या कोठारापाशी बसतो आणि तो आकुंचनाचा जोर वाढायला मदत करतो. वायू तोच, पेशी तीच, पण बसायची जागा बदलली की काम उलटं!

हे शक्य होतं कारण नायट्रिक ऑक्साइड फार लांब जात नाही आणि फार वेळ टिकत नाही. दोन खोल्यांत दोघं कुजबुजत असतील तर एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही, तसंच हे. तोच निरोप लाऊडस्पीकरवर लावला तर काय होईल?

तेही शास्त्रज्ञांनी बघितलं आहे. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं तिसरं एक विकर आहे. ते एरवी झोपलेलं असतं आणि जंतुसंसर्ग किंवा दाह झाला की जागं होऊन हा वायू भरमसाट बनवतं. रक्तात गंभीर जंतुसंसर्ग झाल्यावर रक्तदाब कोसळतो, त्यामागे यांचाही हात असतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या गटाने उंदरांना तेलकट खाणं आणि रक्तदाब वाढवणारं औषध एकत्र दिलं. काही आठवड्यांनी त्यांचं हृदय नीट सैल होईना. तपासलं तर या तिसऱ्या विकराचं काम वाढलेलं होतं आणि ते रोखल्यावर उंदीर सुधारले. म्हणजे हा वायू कमी पडला तरी अडचण आणि नको तिथे, नको तेवढा झाला तरी अडचण.

मग डब्याचं काय?

आता काऊंटरवरच्या डब्याकडे वळू. त्यात नायट्रिक ऑक्साइड नसतो. वायू पावडरमध्ये कसा भरणार? त्यात असतात आर्जिनिन, सिट्रुलिन अशी अमिनो आम्लं, कधी बिटाचा अर्क आणि बहुतेक वेळा भरपूर कॅफिन. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, हे खरं. त्यामुळे जास्त आर्जिनिन खाल्लं की जास्त वायू, असं गणित मांडलं जातं. पण ठणठणीत माणसाच्या पेशींत आर्जिनिन एरवीही पुरेसं असतं. गॅसवर भाजी शिजायला ठेवलीय आणि आपण शेगडीशेजारी आणखी एक भरलेला सिलिंडर आणून ठेवला, तर भाजी लवकर शिजते का? म्हणूनच अशा पावडरींच्या फायद्यांचे पुरावे संमिश्र आहेत.

‘फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय?’ असं वाटेल. २००६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या औषधांबरोबर आर्जिनिन दिलं आणि काहींना बिनऔषधी गोळी. आशा अशी, की रक्तवाहिन्या आणि हृदय सुधारेल. सुधारणा झाली नाही. उलट आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ही माणसं वयस्कर आणि आजारी होती, त्यामुळे जिममधल्या विशीतल्या मुलाला तोच धोका आहे असा अर्थ काढू नये. पण ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी’ या वाक्याची हवा काढायला एवढं पुरेसं आहे.

डॉक्टरांनी दिलेल्या नायट्रेटचीही अशीच कथा. हृदय नीट सैल न होण्याच्या आजारात दीर्घकाळ काम करणारं नायट्रेट दिलं तर रुग्ण जास्त हिंडूफिरू लागतील, असं वाटलं होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ११० रुग्णांच्या अंगावर हालचाल मोजणारं यंत्र लावून हे तपासलं. नायट्रेट घेताना त्यांची हालचाल वाढण्याऐवजी घटली.

पूर्वीच्या डायनामाइट कारखान्यांतल्या कामगारांकडे याचा एक धडा आहे. सोमवारी कामावर आले की त्यांचं डोकं ठणकायचं, कारण हवेतल्या नायट्रोग्लिसरीनने रक्तवाहिन्या रुंदावायच्या. दोन-तीन दिवसांत शरीर त्याला सरावायचं आणि डोकेदुखी थांबायची. रविवारच्या सुट्टीत सराव सुटला की सोमवारी पुन्हा तेच. म्हणजे निरोप सतत कानावर आदळत राहिला की शरीर तो ऐकणं बंद करतं. म्हणूनच आजही डॉक्टर रोजच्या नायट्रेट गोळ्यांमध्ये दिवसाचे काही तास मुद्दाम रिकामे ठेवतात.

नव्या औषधांनी या सगळ्यातून बोध घेतलेला दिसतो. २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं व्हेरिसिग्वाट हे हृदय अशक्त झालेल्यांसाठीचं औषध नायट्रिक ऑक्साइड पुरवतच नाही. निरोप ऐकणारं विकर ते जास्त तल्लख करतं. आवाज वाढवण्यापेक्षा कान साफ करायचा, असा तो विचार.

खरा कारखाना कसा सांभाळायचा?

आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड केव्हा बनवतं? एक मोठं कारण म्हणजे त्यावरून जोरात वाहणारं रक्त. आपण धावतो, जिने चढतो, सायकल मारतो तेव्हा रक्ताचा वेग वाढतो, ते अस्तराला घासत जातं आणि अस्तर तिथल्या तिथे वायू सोडतं. म्हणजे डब्यावर ज्याचं आश्वासन असतं ते काम वर्कआउट स्वतःच करत असतो, तेही नेमकं वापरात असलेल्या स्नायूच्या वाहिन्यांमध्ये.

दुसरं, खाणं. पालक आणि बिटात नायट्रेट भरपूर असतं. आपल्या तोंडातले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड होतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या अभ्यासात बिटाच्या रसाने निरोगी माणसांचा रक्तदाब काही तासांसाठी उतरला. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात आठवडाभर जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरायला लावल्यावर रक्तदाब थोडा वाढला, कारण ते जीवाणूच मेले. घरची पालकाची पातळ भाजी आणि बिटाची कोशिंबीर आपण ताटात बाजूला सारतो, ती कुठल्या कामाची आहे ते यावरून कळेल.

तिसरं, सिगरेट. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एरवी धडधाकट असलेल्या तरुण धूम्रपान करणाऱ्यांच्या हाताच्या धमन्या अल्ट्रासाउंडने तपासल्या. रक्ताचा वेग वाढल्यावर जितकं रुंदावायला हवं तितक्या त्या रुंदावत नव्हत्या. ना छातीत दुखणं, ना दम लागणं. बाहेरून सगळं ‘ओके’, पण अस्तराचा आवाज बसलेला. धुरातून आलेले ऑक्सिजनचे उपद्रवी कण नायट्रिक ऑक्साइडला निरोप पोचायच्या आधीच गाठून संपवतात. कट्ट्यावरच्या ‘चहा-सुट्टा’मधला चहा ठेवा, दुसऱ्याचा विचार करा.

फर्चगॉट २००९ मध्ये गेले. रोज हाताखालून जाणाऱ्या, एका पेशीच्या जाडीच्या ज्या अस्तराकडे कुणी बघत नव्हतं, ते त्यांनी बासष्टाव्या वर्षी बघितलं. आपल्याकडे तेच अस्तर विशीत आहे, अजून बरंचसं शाबूत.

हे लक्षात असू द्या

• घरातल्या ज्येष्ठांची जिभेखालची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि दुसऱ्याला देऊ नका. तिने रक्तदाब झटकन उतरू शकतो.

• नायट्रेटची गोळी आणि व्हायग्रासारखं औषध एकत्र आलं तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. डॉक्टरांपासून यातलं काहीही लपवू नका.

• हृदयाचा त्रास, रक्तदाबाची औषधं किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल, तर प्री-वर्कआउट घेण्याआधी ट्रेनरला नव्हे, डॉक्टरांना विचारा.

• व्यायाम करताना छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली किंवा दम लागून थांबेना, तर सेट पूर्ण करायचा हट्ट सोडा आणि तडक हॉस्पिटल गाठा.